दुसरा ठिपका

"वहिनी, माझ्याकडे बघून सांग... फुलांना दुसऱ्यांदा हात तूच लावलास ना?"

शूलिनने विचारलं. टेबलावर चहाच्या पेल्यांच्या मधोमध एक टोमॅटो ठेवला होता... लिंबाएवढा, अजून हिरवा, आणि टोकाला पोपटासारखी चोच आलेला! तो लुआनकाकांनी स्वतः मांडवातून तोडून आणला होता. शूलिनशी आपल्या मुलीच्या, आइफेनच्या, लग्नाची तारीख ठरवायला ते आले होते, आणि मुलाचा टोमॅटोचा मांडव आतून बाहेरून पाहिल्याशिवाय मुलगी द्यायची नाही हा त्या गावचा रिवाज होता. घर पडकं असलं तरी चालेल, जमीनजुमला नसला तरी चालेल, पण मांडव बघायचाच. तीन बाजूंना पुरुषभर जाडीच्या मातीच्या भिंती, दक्षिणेला उतरतं प्लॅस्टिक, त्यावर गवताच्या चटया... बाहेर नदी गोठलेली असताना आत टोमॅटो पिकवायचे म्हणजे खायचं काम नव्हतं!

"एकाही झाडावर धड फळ नाही," लुआनकाका म्हणाले. आयुष्यभर खरेदीच्या अंगणात बसून गावाच्या मालाची प्रतवारी करणारा माणूस. टोमॅटो हातात न घेता तो कुणाच्या मांडवातला हे सांगत. "प्रत्येक फुलाला दोनदा औषध लागलंय. हे कुणाचं काम? मी मुलगी देतो ती हाताला देतो, घराला नाही. असा आंधळा हात ज्याचा, त्याला मी शेळीसुद्धा द्यायचो नाही!"

चिंगमेई भिंतीला टेकून उभी होती. तिने टोमॅटोकडे पाहिलं, लुआनकाकांकडे पाहिलं आणि मग शूलिनकडे. तेवीस वर्षांचा झाला होता पोर, पण रागावला की अजूनही त्याची हनुवटी सात वर्षांच्या मुलासारखी थरथरायची. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा तो सातच वर्षांचा होता. आई-बाप एकाच वर्षात गेलेले, थोरल्या भावाच्या, शूमिनच्या, मांडीवर वाढलेला. पाच वर्षांत शूमिनही कावीळ होऊन गेला आणि मग शूलिन तिच्या मांडीवर वाढला. माहेरचे दोनदा न्यायला आले होते, तिसऱ्यांदा तर स्थळ घेऊनच आले होते! तिने त्यांना खिम्याच्या करंज्या उकडून खाऊ घातल्या, नमस्कार केला आणि वेशीपर्यंत पोचवून परत पाठवलं. बारा वर्षांच्या त्या मुलाला कुणाच्या भरवशावर टाकून जाणार होती ती?

"बोल ना वहिनी!"

तिला सत्य माहीत होतं. सत्य इतकं साधं होतं, की एका वाक्यात सांगता आलं असतं... आणि त्या एका वाक्यात शूलिनचं लग्न, त्याची गावातली मान, त्याचा स्वतःवरचा विश्वास, सगळं मातीला मिळालं असतं.

त्याचं असं होतं. थंडीच्या दिवसांत बंद मांडवात वारा नसतो, मधमाश्या नसतात. फूल धरायचं तर प्रत्येक फुलाच्या देठाला कुंचल्याने औषधाचा एक ठिपका द्यावा लागतो. एकच! दुसरा लागला की फळाला चोच आलीच. म्हणून औषधात लाल रंग मिसळतात. लाल दिसला की पुढे जायचं. महिन्यापूर्वी एका सकाळी चिंगमेईने सगळ्या ओळी संपवल्या आणि लग्नाच्या रजयांचा कापूस आणायला ती तालुक्याला गेली. दुपारी शूलिन मांडवात शिरला. आपल्या घरात पुरुषांनी फुलांना हात लावायचा नाही, बाईच्या हातानेच फळ धरतं, असं वहिनी लहानपणापासून सांगत आली होती. त्या जुनाट समजुतीचं त्याला हसू यायचं. होणाऱ्या सासऱ्याला आपला हात दाखवायचा होता ना! त्याने कुंचला उचलला आणि संध्याकाळपर्यंत अख्खा मांडव ठिपक्या-ठिपक्याने संपवला. एकाही फुलावर त्याला लाल दिसला नाही. त्याला लाल दिसतच नव्हता.

हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त चिंगमेईला.

शूमिनलाही दिसत नसे. सैन्यभरतीच्या तपासणीत डॉक्टरने त्याला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवून हाकलून दिलं होतं. तो घरी येऊन म्हणाला, पाय सपाट आहेत म्हणून नाही घेतलं. आणि त्यानंतर खरेदीच्या अंगणात तो कधी मान वर करून उभा राहिला नाही. सांगितलं ते फक्त बायकोला. धाकट्यापुढे त्याने दोन टोमॅटो धरून पाहिले होते, एक पिकलेला, एक कच्चा... आणि रात्रभर उशीत तोंड खुपसून रडला होता. मरताना त्याने चिंगमेईचा हात धरून एवढंच मागितलं, "त्याला कळू देऊ नकोस. मला कळलं त्या दिवसापासून मी अर्धा झालो गं!"

म्हणून तर ती समजूत तिने स्वतः रचली होती! शाळेच्या रंगीत खडूंवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तोडणी स्वतःकडे, फुलं स्वतःकडे. चटया गुंडाळणं, पाणी देणं, क्रेट उचलणं त्याच्याकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तिने ती मूठ अकरा वर्षं झाकून ठेवली होती.

"हो," चिंगमेई म्हणाली. "मीच लावला. तू दुपारी सगळं करून ठेवलं होतंस. मी संध्याकाळी आले आणि पुन्हा ठिपके दिले. माझीच चूक."

"चूक?" शूलिन ओरडला. "आंधळी आहेस का तू? तुला लाल ठिपके दिसले नाहीत? की माझ्या हातावर भरवसाच नव्हता? सगळं तुझ्याच मुठीत राहायला हवं ना... मांडव, घर, मी!"

"भरवसा कसला घेऊन बसलास," लुआनकाका उठत म्हणाले. "नवी सून घरात येतेय, हिची सत्ता जातेय. समजायचं ते समजलो मी. मुलगी देतो तुला, शूलिन, तुझ्या हातात खोट नाही. पण हिच्या चुलीवरचं माझी मुलगी जेवणार नाही."

चिंगमेईने पेले उचलले, टेबल पुसलं, तो चोचीचा टोमॅटो पदराआड केला आणि आत जाऊन चुलीपाशी बसली... आणि तिथे मात्र तिला इतकं रडू आलं, की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने कणकेचा गोळा दोन्ही हातांनी तिंबायला घेतला!

लग्न झालं. नव्या नवरीला तिने एका बाजूला घेतलं आणि सांगितलं, "फुलं आणि तोडणी तुझ्या हातची, बरं का. या घरात पुरुषाचा हात लागला की फळ बिघडतं." आइफेनला हसू आलं असावं, पण तिने मान हलवली. शूलिनने तर त्या प्रसंगानंतर कुंचल्याला पुन्हा हात लावायचा नाही अशी शपथच घेतली होती. पुढे भुंग्यांच्या पेट्या आल्या, फुलांचं काम भुंगे करू लागले, आणि ते रहस्य झाकलेलंच राहिलं.

पंधराव्या दिवशी चिंगमेई आपली वळकटी घेऊन नदीकाठच्या उघड्या शेतात राहायला गेली. तिथे पंप ठेवायची एक खोली होती. तिने त्या खोलीत चूल घातली, झोपायचा ओटा बांधला, खिडकीला कागद लावला. मांडव नाही, भिंती नाहीत. ऊन, गारा, वारा जे येईल ते झाडांनी सोसायचं आणि झाडांबरोबर तिने. वसंतात रोपं लावायची, तीन-तीन काठ्या टोकाशी बांधून उभ्या करायच्या, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांनी वेल बांधायचे, पानांच्या बगलेत फुटलेले नवे कोंब खुडायचे. पानांच्या रसाने बोटं आधी हिरवी, मग काळी होत. साबणाने जात नसत. पावसानंतर फळांना तडे जात. करपा आला तर चार दिवसांत शेत उन्हाने होरपळल्यासारखं दिसे. बोलायला कुणी नव्हतं. सुरुवातीला ती झाडांशी बोलायची, मग तेही तिला वेड्यासारखं वाटू लागलं आणि तिने सोडून दिलं.

रोज सूर्य उगवताना ती बांधावर येऊन उभी राही. दूर गावाच्या कडेला मांडवांची रांग दिसायची. डावीकडून चौथा आपला. एकेका मांडवावरच्या चटया गुंडाळल्या जात आणि प्लॅस्टिक उजळायचं. चौथा उजळला की शूलिन उठलाय, बरा आहे, एवढं तिला कळायचं. एके हिवाळ्यात दोन दिवस त्या चटया दुसऱ्याच कुणीतरी गुंडाळल्या, वाकड्यातिकड्या... आजारी असेल का पोर? ताप असेल का? विचारायचं कुणाला! तिसऱ्या दिवशी चटया सरळ गुंडाळल्या गेल्या तेव्हा तिने बांधावरच बसकण मारली.

त्याला मुलगी झाल्याचं तिला अंगणात कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. तिने कापडी बूट शिवून पाठवले. ते परत आले नाहीत, आणि त्यांच्याबद्दल निरोपही आला नाही. नववर्षाच्या आदल्या दिवशी शूलिन दारात पीठ, मांस आणि फटाक्यांची माळ ठेवून जायचा. कर्तव्याला चुकणारा तो नव्हता. पण हाक मारायचा नाही. ती आतून त्याच्या गाडीचा आवाज ऐकायची, गाडी दूर जाईपर्यंत श्वास धरून उभी राहायची आणि मग त्या पिठाच्या करंज्या करायची... चाळीस करायची सवय होती हाताला, खाणारी एकटी ती!

गावाचं तोंड कुणी धरलंय? "दिराचं सुख बघवलं नाही हो!" बायका म्हणायच्या. खरेदीच्या अंगणात ती रांगेत शेवटी उभी राही. लुआनकाका तिच्या क्रेटमध्ये हात घालत, एकही कच्चं, एकही किडकं फळ त्यांना कधी सापडत नसे, आणि तरी ते तिच्याशी मालापलीकडे बोलत नसत. अशी अकरा वर्षं गेली.

सातव्या महिन्यातल्या एका दुपारी ती ओळीत वाकून तोडणी करत होती, तेव्हा बांधावर तीनचाकी थांबल्याचा आवाज आला. नववर्ष नव्हतं, सण नव्हता... आइफेनला काही झालं का? मुलीला?

"वहिनी."

अकरा वर्षांनी ती हाक आली. शूलिन ओळीतून चालत आला. चौतिसाव्या वर्षीच कानांजवळ केस पिकले होते त्याचे. त्याने तिच्या क्रेटमधला एक टोमॅटो उचलला, झाडावरचा एक तोडला, आणि दोन्ही तिच्यापुढे धरले.

"यातला लाल कोणता?"

"दोन्ही... दोन्ही पिकतच आलेत रे," ती कशीबशी म्हणाली.

"अजून खोटं बोलतेस!" आणि तो मटकन मातीत बसला. "ट्रकचा परवाना काढायला गेलो होतो. डॉक्टरने पुस्तक पुढे केलं. नुसते ठिपके, ठिपके... म्हणाला, आकडा वाच. कुठला आकडा? मागची पोरं खिदळायला लागली. डॉक्टर म्हणाला, तुम्ही काय करता? म्हटलं, टोमॅटो. तर तोही हसला, वहिनी! म्हणाला, पिकलेला ओळखता कसा? मी म्हणालो, घरात तोडणी बायको करते... आमच्या घरात पुरुष..."

वाऱ्याने काठ्यांवरच्या चिंध्या हलत होत्या. चिंगमेई त्याच्याजवळ बसली.

"ती समजूत कुणाच्याच घरात नाही, वहिनी. येताना तिघांना विचारलं मी. तूच रचलीस ना ती? आणि त्या दिवशी... त्या दिवशी फुलांवर ठिपके आधीपासून होते. तू सकाळीच दिले होतेस. दुसरा ठिपका माझा होता!"

"जाऊ दे रे आता..."

"काय जाऊ दे? आंधळी म्हणालो मी तुला! पाहुण्यांसमोर! अकरा वर्षं तुझ्या दारात पीठ टाकून गेलो मी, भिकारणीला टाकावं तसं... आणि तू एक शब्द बोलली नाहीस? एका शब्दाने सुटली असतीस!"

"मी सुटले असते," चिंगमेई म्हणाली, "तू अडकला असतास. तुझ्या दादाला कळलं त्या दिवसापासून त्याने मान वर केली नाही, बाळा. मी पाहिलंय ते. रोज पाहिलंय. त्याच्यासारखं तुझं व्हायला नको होतं मला." आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला. "राग तुझा कधी आला नाही रे मला. एकदा फक्त... पोरीचं नाव काय ठेवलं तेवढं कुणी सांगितलं असतं तर..."

शूलिनने तिच्या काळ्या पडलेल्या बोटांवर कपाळ टेकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "यालान," तो म्हणाला. "यालान ठेवलंय. दहा वर्षांची आहे. वहिनी, तू शिवलेले बूट घालूनच चालायला शिकली ती. आइफेनने मला सांगितलं नव्हतं कुणाचे ते."

मग ती डोळे पुसून उठली, कारण गाडी चार वाजता भरते आणि उन्हात तोडलेला माल थांबत नाही. शूलिनही उठला. रिकामा क्रेट घेतला आणि शेजारच्या ओळीत शिरला.

"तू नको..." ती म्हणाली.

"तोडू दे मला."

तिने त्याला तोडू दिलं. पण क्रेट गाडीवर चढवताना तिने पाहिलं, त्याच्या क्रेटमध्ये निम्मी फळं कच्ची होती. वाटेत केव्हातरी काढून टाकू, ती मनात म्हणाली.

खरेदीच्या अंगणात रांग लागली होती. शूलिन आणि चिंगमेई एका गाडीतून उतरताना पाहिल्यावर बोलणी थांबली. लुआनकाका सत्तरीला टेकले होते, पण अजून आपल्या ठेंगण्या स्टुलावर बसून एकेक क्रेट तपासत होते. रांग पुढे सरकली. तो क्रेट त्यांच्या समोर आला तसा चिंगमेईचा हात सवयीने आत गेला आणि वरची दोन कच्ची फळं तिने पटकन मुठीत घेतली.

शूलिनने तिचं मनगट धरलं.

"राहू देत, वहिनी," तो हळूच म्हणाला. "बघू देत त्यांना."

लुआनकाकांनी क्रेट चाळला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय गं? निम्मी कच्ची! इतक्या वर्षांत तुझ्या क्रेटमध्ये असं फळ निघालं नाही, आणि आज..."

"माझी चूक झाली, काका," चिंगमेईच्या तोंडून आपोआप निघून गेलं. "घाईत मीच..."

"तिने नाही, मी तोडलीत," शूलिन सासऱ्याला म्हणाला. आवाज एवढा मोठा होता, की रांगेच्या टोकाची माणसंही वळली. "बाबा, मला लाल दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अरे, टोमॅटोवाल्याला लाल दिसत नाही!"

"मग इतकी वर्षं हा वांगी पिकवत होता की काय?"

हशा पसरत गेला. चिंगमेईच्या काळजात एकेक हसणं सुरीसारखं शिरत होतं. हेच... नेमकं हेच त्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिने तारुण्य जाळलं होतं! तिला वाटलं, पुढे व्हावं, काहीतरी बोलावं, थट्टा म्हणून उडवून लावावं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची हनुवटी थरथरत होती, कान तापले होते, पण मान... मान ताठ होती.

"हसा," शूलिन म्हणाला. "पण पुढचंही ऐका. माझ्या लग्नाच्या वर्षी आमच्या मांडवात चोचीची फळं आली होती. आठवतंय ना, बाबा? तो दुसरा ठिपका माझ्या हातचा. तुम्ही आंधळा हात म्हणालात, तो हात हा! तुम्ही मला मुलगी द्यावी म्हणून हिने तो स्वतःच्या अंगावर घेतला. आणि तुम्ही, मी, सगळ्यांनी हिला काय काय म्हटलं..."

हसणं विझलं. लुआनकाका स्टुलाचा आधार घेऊन उठले. त्यांच्या हातात अजून तिच्या क्रेटमधलं एक कच्चं फळ होतं; ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते तिला काही म्हणून हाक मारत होते. "माझी मुलगी सुखात आहे तुझ्या घरात. आणि मी तुला... माझी जीभ..." त्यांनी आपलं स्टूल उचललं आणि तिच्यासमोर मांडलं. "बस. खूप वेळ उभी आहेस."

चिंगमेई बसली नाही. तिला रडू आवरत नव्हतं आणि समोरचं काहीच दिसत नव्हतं. तिने मूठ उघडली, मघाशी लपवलेली ती दोन कच्ची फळं पुन्हा क्रेटमध्ये ठेवली, सगळ्यांना दिसतील अशी वरच.

"काका," ती म्हणाली, "एवढा क्रेट माझ्या दिराचा आहे. आहे तसाच प्रतीला लावा."